पॅड बांधून बसलेला

2 नोव्हेंबर 2025च्या मध्यरात्री, म्हणजे खरे तर 3 तारीख लागल्यावर, आम्ही झरीतल्या एका ओट्यावर बसून टाळ्या वाजवत होतो. 'आम्ही' म्हणजे एकटेच. स्वतःला बहुवचन लावून लिहिण्याची ही जुनी खोड आहे आणि एरवी आम्हालाही ती थोडी दिखाऊ वाटते. परंतु ह्या लेखात पुढे एक कबुली द्यायची आहे, आणि कबुली देताना 'मी' म्हणण्याचा धीर होत नाही. वाचकांनी तेवढे सांभाळून घ्यावे.

झरी हे तलासरी तालुक्यातले गाव. मराठीचे अध्यापक असल्याने आम्हाला ते आधी इतिहासातून भेटले. 23 मे 1945 रोजी इथे हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही असे त्यांनी ठरवले. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' आम्ही ह्याच पट्ट्यातल्या एका महाविद्यालयात बरीच वर्षे शिकवले. झरीचा उल्लेख निघाला की मागच्या बाकांवरच्या दोन-तीन माना ताठ होत, कारण ती मुले तिथूनच आलेली असत. आम्ही ज्या ओट्यावर बसलो होतो तो त्यांपैकीच एकीचा. ती आता एका आश्रमशाळेत शिक्षिका आहे आणि वर्गाइतकाच वेळ मैदानावर असते. मुलींना कबड्डी शिकवते. दिवाळीची सुट्टी होती म्हणून ती घरी आली होती. "सर, फायनल आमच्याकडे बघा," असा निरोप आला आणि आम्ही गेलो. सेवानिवृत्त माणसाला निमित्त पुरते.

विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर होता. तिकडे पावसाने सामना दोन तास लांबवला. इकडे अंधार पडला, जेवणे झाली, तांदळाची भाकरी आणि उडदाची आमटी. पाड्यावरची पोरे येऊन दाटीवाटीने बसली. भारताच्या मुलींनी 298 धावा केल्या. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वूल्व्हार्ट शतक करून उभी होती तोवर ओट्यावर कोणी बोलत नव्हते. अखेरीस दीप्ती शर्माच्या चेंडूवर हरमनप्रीत कौरने मागे धावत जाऊन शेवटचा झेल घेतला, भारत 52 धावांनी जिंकला, आणि मग गलका झाला. त्या गलक्यात पडद्यावर एक दृश्य दिसले. हरमनप्रीत धावत प्रशिक्षकांकडे गेली आणि त्यांच्या पायाशी वाकली. अमोल मुजुमदारांनी तिला उठवून जवळ घेतले.

आमची विद्यार्थिनी पडद्याकडे बघतच म्हणाली, "सर, हे स्वतः इंडियाकडून एकही मॅच खेळले नाहीत, खरं ना?"

"नाही," आम्ही म्हणालो, "एकही नाही."

ती पुढे काही बोलली नाही. आम्हीही बोललो नाही. परंतु न बोलण्याची आमची कारणे वेगळी होती, आणि तीच ह्या लेखाचा विषय आहेत.

*

मुजुमदारांची कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे, निदान तिचा पहिला प्रसंग तरी. फेब्रुवारी 1988, आझाद मैदान, हॅरिस शील्डचा उपांत्य सामना. शारदाश्रम विद्यामंदिराकडून सेंट झेवियर्सविरुद्ध तेंडुलकर नाबाद 326, कांबळी नाबाद 349, भागीदारी 664. हे आकडे एका पिढीला पाढ्यांसारखे पाठ आहेत. त्यानंतर फलंदाजीला जायचे होते ते तेरा वर्षांच्या अमोलला. तो पॅड बांधून बसला, बसूनच राहिला, आणि त्याची पाळी आली नाही.

हा प्रसंग इतका नेटका आहे की साहित्याच्या माणसाला त्याचा संशय यावा. पुढच्या आयुष्याचे सगळे सार पहिल्याच प्रवेशात सांगून टाकणारे नाटक आम्ही वर्गात कच्चे ठरवले असते. परंतु ह्या प्रसंगाला अर्थ मागाहून आला आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. मुजुमदार पुढे पन्नास कसोटी सामने खेळते, तर तो सत्कारसमारंभात सांगायचा एक विनोद ठरला असता. तो रूपक झाला, कारण पुढेही तसेच घडत गेले.

1993-94च्या हंगामात, एकोणीस वर्षांचे असताना, फरिदाबादला हरयाणाविरुद्ध त्यांनी रणजी पदार्पण केले आणि पहिल्याच सामन्यात 260 धावा काढल्या. प्रथम श्रेणीच्या पदार्पणात एवढ्या धावा तोवर जगात कोणी केल्या नव्हत्या. तो विक्रम मोडायला 2018चा डिसेंबर उजाडावा लागला. लोक त्यांना पुढचा तेंडुलकर म्हणू लागले. परंतु तेंडुलकर स्वतः अजून होतेच. शिवाय 1996 ह्या एकाच वर्षात गांगुली, द्रविड आणि लक्ष्मण भारताच्या कसोटी संघात आले. मधल्या फळीची दारे पुढची दहा-बारा वर्षे आतून लावलेली राहिली. मुजुमदार बाहेर धावा करीत राहिले. 171 प्रथम श्रेणी सामने, 11,167 धावा, 30 शतके. काही काळ रणजी स्पर्धेत सर्वाधिक धावा त्यांच्याच नावावर होत्या.

ह्या आकड्यांत एक हंगाम आम्हाला विशेष वाटतो. 2006-07 साली मुजुमदार मुंबईचे कर्णधार होते. सुरुवातीला संघाने इतका मार खाल्ला की मुंबई खालच्या गटात जाते की काय, अशी चर्चा निघाली. तोच संघ सावरून उपांत्य सामन्यापर्यंत आला. बडोद्याविरुद्धच्या त्या सामन्यात दुसऱ्या डावात धावफलकावर एकही धाव लागण्याआधी पाच गडी बाद झाले होते. शून्यावर पाच! तरीही मुंबईने तो सामना जिंकला आणि मग अंतिम सामन्यात बंगालला हरवून करंडकही जिंकला. अठरा वर्षांनी ह्याच माणसाच्या हाताखालचा दुसरा एक संघ लागोपाठ तीन सामने हरणार होता. त्याकडे पुढे येऊ.

2009 साली मुजुमदारांनी मुंबई सोडली. आसामकडून खेळले, नंतर आंध्रकडून खेळले, आणि 2014 साली थांबले. थांबताना ते चाळिशीला टेकले होते. पाळी आली नव्हती आणि आता येणारही नव्हती.

*

खेळाडू संपतो आणि शिक्षक सुरू होतो ती जागा सगळीकडेच अवघड असते. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये (हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळायचा) क्वार्टरबॅक नावाची एक जागा असते. चेंडू आधी त्याच्या हाती येतो, चाल तो पुकारतो आणि समोरच्याची मांडणी क्षणात वाचून चेंडू कोणाकडे टाकायचा हे ठरवतो. थोडक्यात, मैदानावर उभा असलेला अर्धा प्रशिक्षकच. अशा शेकडो मुलांपैकी अगदी थोडी व्यावसायिक संघांत पोचतात. पोचूनही पुष्कळ जण बाकावर बसतात. स्टीव्ह स्परियर हे त्यांतले एक प्रसिद्ध नाव. 1966 साली फ्लोरिडा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक म्हणून त्याला हाइझमन करंडक, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च सन्मान, मिळाला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यावसायिक संघात तो बरीच वर्षे दुसऱ्या क्वार्टरबॅकच्या मागे राखीव राहिला. अखेरच्या हंगामात, 1976 साली, तो टँपा बेच्या नव्या संघात गेला आणि तो संघ चौदाच्या चौदा सामने हरला. मग स्परियर प्रशिक्षक झाला, आपल्याच विद्यापीठात परतला, आणि 1996च्या हंगामात त्याच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्या वर्षीचा हाइझमन त्याच्या हाताखालच्या क्वार्टरबॅकला, डॅनी वर्फेलला मिळाला. स्वतःला मिळाल्यानंतर बरोबर तीस वर्षांनी.

आपल्याकडे असे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. चंद्रकांत पंडित 1998-99च्या रणजी अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाचे कर्णधार होते. बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर पहिल्या डावात आघाडी मिळवूनही ते कर्नाटकाकडून हरले. 26 जून 2022 रोजी त्याच मैदानावर त्याच मध्य प्रदेशाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा पंडित प्रशिक्षक होते. मैदानात ते रडले, ती छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्या दिवशी हरलेला संघ मुंबईचा होता, आणि मुंबईचे प्रशिक्षक होते अमोल मुजुमदार. दोघेही रमाकांत आचरेकरांचे शिष्य. एकाचे वर्तुळ पुरे झाले तेव्हा दुसरा पुन्हा एकदा समोरच्या बाजूला उभा होता.

आणि स्वतः आचरेकर? मालवणात जन्मलेले आचरेकर सर आयुष्यात एकच प्रथम श्रेणी सामना खेळले. एकच. पुढे शिवाजी पार्कवर त्यांनी जे केले ते सर्वज्ञात आहे. त्यातली एक गोष्ट मात्र आम्हाला स्टंपवर ठेवलेल्या नाण्याहून मोठी वाटते. छोट्या सचिनला स्कूटरवर मागे बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर, एका सामन्यातून दुसऱ्या सामन्यात नेत. कशासाठी? फलंदाजीची पाळी मिळावी म्हणून. तंत्र घोटून घेणारे पुष्कळ असतात. पाळी मिळवून देण्यासाठी स्कूटर चालवणारा विरळा. आमच्या ह्या बाजूलाही त्याचे एक उदाहरण आहे. पालघरहून लोकलने मुंबईला येऊन खेळणाऱ्या शार्दुल ठाकूरला दिनेश लाड ह्या प्रशिक्षकांनी बोरिवलीच्या शाळेत आणले आणि राहायला आपल्या घरात जागा दिली. अंतर हेही पाळी न मिळण्याचे एक कारण असते. ते अंतर लाडांनी आपल्या घरापुरते मिटवले.

*

ज्याला स्वतःला जमत नाही तो शिकवतो, अशी एक कुत्सित समजूत आहे. साहित्याच्या वर्तुळात तिचे भावंड म्हणजे 'समीक्षक हा फसलेला कवी'. आमच्या पिढीतल्या बहुतेक मराठीच्या अध्यापकांच्या कपाटात एक न छापलेला कवितासंग्रह सापडेल. आमच्याही आहे. त्यामुळे ही समजूत आम्ही कधी हसण्यावारी नेऊ शकलो नाही.

तिला द्यायचे एक सोपे उत्तर मुजुमदारांच्या निमित्ताने सर्वत्र दिले गेले: नियतीने अखेर न्याय केला, खेळाडू म्हणून जे हुकले ते प्रशिक्षक म्हणून मिळाले. आम्हाला हे उत्तर पटत नाही. न्याय म्हणायचा तर तो ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच मिळायला हवा. 1996चा तो बावीस वर्षांचा फलंदाज 2025 सालच्या कोणत्याही करंडकाने कसोटी खेळत नाही. खेळाडूची वही वेगळी आणि प्रशिक्षकाची वही वेगळी. एकीतली जमा दुसरीतल्या खर्चात वळती करता येत नाही. करता येते असे मानले, की निवड करणाऱ्यांची मोठीच सोय होते. आज ज्याला डावलायचे त्याला 'पुढे तुझे भले होईल' एवढे सांगितले की काम भागते.

दुसरे उत्तर असे, की वाट पाहण्याने माणूस शहाणा होतो आणि तेच शहाणपण तो शिष्यांना देतो. हे ऐकायला फार बरे वाटते. परंतु हेही पुरते खरे नाही, हे आम्ही स्वतःवरून सांगू शकतो. इथेच ती कबुली.

आम्ही महाविद्यालयात असताना यष्टिरक्षण करीत असू. यष्टीमागून सगळे मैदान दिसते, आणि आमची समजूत अशी होती की आम्हाला इतरांपेक्षा अधिक दिसते. विद्यापीठाच्या निवड सामन्यांत आम्हाला बारावा खेळाडू केले गेले. तीन दिवस आम्ही पाणी नेले, हातमोजे नेले, कोणाची तरी बॅट बदलून आणली. कोणी नावाने हाक मारली नाही. 'ए, पाणी' अशी हाक होती. ते तीन दिवस आम्ही विसरलो नाही. पुढे अध्यापक झालो. महाविद्यालयातले शारीरिक शिक्षणाचे पद काही वर्षे रिकामे होते. तेव्हा कधी काळी खेळलेला माणूस म्हणून मुलींचा कबड्डी संघ आमच्याकडे आला. बाकाचा अनुभव असलेल्याच्या हाती संघ आला म्हटल्यावर बाकावरच्या मुलींचे दिवस पालटायला हवे होते.

कबड्डीचा संघ बारा जणींचा असतो. सात मैदानात, पाच बाहेर. झरीची ही मुलगी दोन हंगाम त्या पाचांत होती. अंगाने किरकोळ, पण पायांत कमालीची चपळाई. आमच्यापाशी कारणे होती. ती सरावाला रोज येत नसे. आवणीच्या दिवसांत तर आठवडाभर दिसत नसे. संध्याकाळची शेवटची बस चुकेल म्हणून लवकर निघत असे. जवळ राहणाऱ्या मुली नियमित येत, म्हणून संघात त्या. ह्यात नियमबाह्य काहीच नव्हते. दुसऱ्या वर्षीच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एका सामन्यात आम्ही भरपूर गुणांनी पुढे होतो, शेवटची तीन-चार मिनिटे उरली होती. बाकावरच्या मुलींमध्ये ती उठून उभी राहिली. ओढणी कमरेला बांधली. काही म्हणाली नाही. आम्ही तिच्याकडे पाहिले. मग पुन्हा मैदानाकडे वळलो.

का, हे आम्हाला आजही सांगता येत नाही. जिंकत असलेला संघ हलवू नये असे काहीसे मनात असावे. कदाचित तेवढेही नसावे. आम्हाला पाणी न्यायला लावणाऱ्यांच्या मनात तरी काय होते? बहुधा काहीच नाही. दुःख माणसाला आपोआप शहाणे करीत नाही. पुष्कळदा ते त्याला एवढेच शिकवते, की असे होतच असते.

*

मराठीत 'राखीव' हा एक शब्द आहे. भाषेचा अध्यापक म्हणून आम्ही त्याच्याकडे कधी नीट पाहिले नव्हते. झरीला जाता-येता पाहावा लागला. राखीव जंगल, म्हणजे जिथे पिढ्यान्‌पिढ्या लाकूडफाटा आणला तिथे आता विचारून जायचे. राखीव जागा, म्हणजे उशिरा का होईना, कायद्याने मिळालेली पाळी. आणि राखीव खेळाडू, म्हणजे संघात असून मैदानात नसलेला. पहिल्यात मज्जाव आहे, दुसऱ्यात हक्क आहे, तिसऱ्यात नुसती आशा आहे. आमची विद्यार्थिनी ह्या तिन्ही अर्थांनी राखीव होती, आणि आम्ही तिला कबड्डीत ठेवताना तिसरा अर्थ सोडून दुसरे काही डोक्यात आणले नव्हते.

त्याच वाटेवर आणखी एक विचार येतो. आपल्या देशात उत्तम प्रशिक्षकाला दिला जाणारा राष्ट्रीय पुरस्कार द्रोणाचार्यांच्या नावाने आहे. 1985 पासून तो दिला जातो. आचरेकरांना 1990 साली मिळाला. अर्जुनाला घडवणारे म्हणून द्रोणाचार्य, हे ठीकच. परंतु त्याच आचार्यांनी रानातल्या एका मुलाला शिष्य करून घेतले नाही आणि तो स्वतःच्या बळावर शिकला तेव्हा त्याचा अंगठा मागितला, हेही त्याच कथेत आहे. शहरातल्या वर्गात ही कथा आम्ही गुरुभक्तीची म्हणून शिकवली असती तर खपून गेली असती. तलासरीच्या वर्गात एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला होता: "सर, त्यानं दिला का?" आम्ही काहीतरी उत्तर दिले. खरा प्रश्न 'त्याने का दिला' हा नसून 'ह्यांनी का मागितला' हा आहे, हे सुचायला फार उशीर लागला. अंगठा दर वेळी मागावाच लागतो असे नाही. नुसते मैदानाकडे वळले तरी पुरते.

*

मग मुजुमदारांचे काय? ते शिष्यांना जे देतात ते वाट पाहण्यातून आपोआप आले नसेल, तर कुठून आले?

आम्हाला वाटते, ते नंतर कमवावे लागले. थांबल्यावर ते एकदम मोठ्या खुर्चीत बसले नाहीत. नेदरलँड्सच्या फलंदाजांना शिकवले. राजस्थान रॉयल्समध्ये काम केले. 2019 साली भारत दौऱ्यावर आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या संघाचे तात्पुरते फलंदाजी प्रशिक्षक झाले, म्हणजे ज्या देशाची टोपी कधी मिळाली नाही त्याच देशाविरुद्ध फलंदाज तयार केले. 2021 पासून मुंबईचे प्रशिक्षक. 2022चा तो अंतिम सामना हरले. त्याच वर्षी मुंबईला सय्यद मुश्ताक अली करंडक पहिल्यांदा मिळवून दिला. ऑक्टोबर 2023 मध्ये भारतीय महिला संघ त्यांच्याकडे आला. ही सारी शिकवण्याची उमेदवारी आहे. खेळण्यातली कसबे खेळताना कळतात, पण दुसऱ्याला ती केव्हा आणि किती सांगायची, हे शिकवता-शिकवता कळते. चांगला वाचक आपोआप चांगला अध्यापक होत नाही, हे आपल्या व्यवसायात आपण रोज पाहतो.

2025च्या विश्वचषकात साखळीत भारत लागोपाठ तीन सामने हरला. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, आणि इंग्लंडविरुद्ध तर हातातला सामना चार धावांनी. अशा वेळी संघाला नेमके काय सांगितले गेले, हे खोलीत असलेल्यांनाच ठाऊक. आम्ही बाहेरून फक्त पाळ्या पाहिल्या. इंग्लंडविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्जला वगळले होते. ती परत आली आणि उपांत्य सामन्यात तिला तिसऱ्या क्रमांकावर पाठवले गेले. ऑस्ट्रेलियाच्या 338 धावांचा पाठलाग करताना तिने नाबाद 127 केल्या. शफाली वर्मा मूळ संघात नव्हतीच. प्रतिका रावल जायबंदी झाल्यावर तिला बोलावणे आले. अंतिम सामन्यात ती 87 धावा काढून आणि दोन बळी घेऊन सामन्याची मानकरी ठरली. जिला खाली बसवले ती आणि जी बाहेर होती ती, दोघींच्या खेळावर हा करंडक आला.

ह्याचे श्रेय एकट्या प्रशिक्षकाचे नाही. संघनिवडीत अनेकांचे हात असतात, आणि शफालीला तर दुसरीच्या दुखापतीने दार उघडले. परंतु आयत्या वेळी आलेल्या मुलीला आपण उसन्या जागेवर आहोत असे वाटू न देणे, वगळलेलीला परत पाठवताना वगळल्याची सावली तिच्यावर पडू न देणे, हे ज्याच्या खोलीत घडते त्याने बाकाकडे कधीतरी नीट पाहिलेले असते. मुजुमदारांची गोष्ट आम्हाला ह्या कारणाने महत्त्वाची वाटते. त्यांना काय परत मिळाले हा त्यांचा हिशेब. त्यांच्यापर्यंत जी रीत आली ती त्यांनी पुढे जशीच्या तशी दिली नाही, एवढे आम्हाला दिसले. आम्ही मात्र आमच्यापर्यंत आलेली रीत जशीच्या तशी पुढे दिली होती.

*

सकाळी जाग आली ती शिट्टीने. अवकाळी पावसाने कापलेला भात भिजला होता आणि लोक पेंढ्या उलट्या-सुलट्या करून वाळवत होते. घरामागच्या सपाट जागेत चुन्याच्या रेघा होत्या आणि पाड्यावरच्या पंधरा-सोळा मुली जमल्या होत्या. आमची विद्यार्थिनी शिट्टी गळ्यात अडकवून उभी होती. तिची एक पद्धत आम्ही थोड्या वेळाने ओळखली. चढाईला पहिल्यांदा ती सगळ्यात लहान मुलीला पाठवत होती. मग तिच्याहून मोठी, मग त्याहून. ज्या जोरकस होत्या त्यांची पाळी शेवटी.

आम्ही जवळ गेलो. वीस वर्षे घोळवलेले वाक्य होते, पण तोंडातून भलतेच निघाले. "त्या वेळी," आम्ही म्हणालो, "तुला आत घ्यायला हवं होतं."

कोणती वेळ, हे तिने विचारले नाही.

"हो," ती म्हणाली. मग मैदानाकडे बघत म्हणाली, "मला लई राग होता सर. अजून आहे. तुम्ही चांगलं शिकवायचात, म्हणून जास्त आहे."

तिने आम्हाला माफ केले, असे लिहून लेख संपवता आला असता तर तो अधिक गोड झाला असता. तसे झाले नाही, आणि झाले नाही हेच बरोबर आहे. ती आज उत्तम प्रशिक्षक आहे म्हणून तेव्हाची ती तीन-चार मिनिटे भरून निघत नाहीत. वह्या वेगळ्या आहेत. तिने एवढेच केले, की खिशातून घड्याळ काढून आमच्या हाती दिले आणि वेळ व पाळ्या सांभाळायला सांगितले.

आम्ही रेघेबाहेर उभे राहिलो. एका काठीने मातीत खुणा करू लागलो. थोड्या वेळाने आठ-नऊ वर्षांची एक मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. तिने फ्रॉक कमरेशी खोचला होता. ती काही म्हणाली नाही, नुसती आमच्या तोंडाकडे बघत राहिली.

आम्ही मातीतल्या खुणा मोजल्या. पुन्हा एकदा मोजल्या.

"तुझ्या आधी दोघी," तिला सांगितले.